स्पीकरमधला हम पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो मुळातून कसा काढायचा

रेकॉर्डवर सुई टेकण्याआधी, दोन गाण्यांच्या मधे किंवा संथ आलापातल्या एखाद्या विरामात स्पीकरमधून खालच्या पट्टीतली घूं ऐकू येते. केबल हलवली, प्लग दुसऱ्या सॉकेटात लावला की ती जाते आणि काही दिवसांनी परत येते. मग जाडजूड केबल घेतली जाते, पॉवर कंडिशनर (लाइनची वीज स्वच्छ करणारा डबा) घेतला जातो, कधी अ‍ॅम्पही बदलला जातो. हम मात्र राहतोच.

तो राहतो कारण तो कुठल्या वाटेने आत येतोय हे कुणी शोधलेलंच नसतं. हम म्हणजे विजेच्या लाइनचा थोडासा प्रवाह तुमच्या सिग्नलच्या वायरीतून वाहतो आहे, किंवा लाइनचं चुंबकीय क्षेत्र त्या वायरीत शिरतं आहे. वाट तशीच राहिली तर हम कमीजास्त होत राहणार. घरात एखादा नवा चार्जर लागला, दमट हवेने आरसीएच्या (मधे पिन आणि भोवती कडी असलेल्या ऑडिओ प्लगच्या) कडीवर गंज चढला, सबवूफरची जागा बदलली, एवढं पुरतं. पुढची सगळी पद्धत वाट शोधण्याची आहे, आणि तिच्यातलं बरंचसं काम काहीही विकत न घेता होतं.

एक नियम सुरुवातीलाच पाळा. कुठलीही आरसीए केबल काढण्या-लावण्याआधी अ‍ॅम्प बंद करा. आरसीए प्लग बाहेर येताना बाहेरची कडी आधी सुटते आणि मधली पिन क्षणभर तशीच टेकून राहते. त्या क्षणी पूर्ण ताकदीचा हम स्पीकरमध्ये जातो आणि वूफरला इजा होऊ शकते.

आधी कान, मग हात

पहिला प्रश्न: आवाज स्पीकरमधून येतोय की अ‍ॅम्पच्या डब्यातून? स्पीकरच्या वायरी काढूनही घूं ऐकू येत असेल तर तो ट्रान्सफॉर्मरचा यांत्रिक आवाज आहे. त्याचा ग्राउंडिंगशी संबंध नाही. त्याबद्दल शेवटी सांगितलं आहे.

स्पीकरमधून येत असेल तर त्याची जात ओळखा. लाइनची वारंवारता बहुतेक देशांत ५० हर्ट्झ असते, उत्तर अमेरिकेसारख्या भागांत ६०. अगदी खालचा, गोल, मऊ आवाज हा ५० हर्ट्झचा असतो. तो बहुधा चुंबकीय क्षेत्रातून किंवा तुटलेल्या ग्राउंडमधून येतो. त्याच्या एक सप्तक वरचा, म्हणजे १०० हर्ट्झचा आवाज बहुधा अ‍ॅम्पच्या पॉवर सप्लायमधला असतो, कारण एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर लाइनच्या दोन्ही अर्धलहरी वापरतो आणि वारंवारता दुप्पट होते. माशी भुणभुणल्यासारखा धारदार बझ असेल तर त्यात ५०च्या पटीतल्या अनेक वारंवारता मिसळलेल्या असतात. ग्राउंड लूप (तो काय ते पुढे येतं), दिव्यांचे डिमर, स्वस्त एलईडी ड्रायव्हर यांचा आवाज असा येतो. उंच पट्टीतली कुईं, जी माऊस हलवला किंवा पान सरकवलं की बदलते, ती कॉम्प्युटरची. थांबून थांबून येणारा टर्र टर्र आवाज जुन्या जीएसएम मोबाइलचा; त्याचं प्रसारण सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतं आणि ते अ‍ॅम्पमध्ये उतरतं. फोन दूर ठेवला की तो जातो.

पाऊस पडल्यासारखी सपाट सरसर म्हणजे हिस. ती हम नाही. ती गेनची (सिग्नल किती पट वाढवला जातो त्याची) आणि उष्णतेमुळे होणाऱ्या नॉइजची बाब आहे, अर्थिंगने ती कमी होणार नाही. या दोघांची गल्लत फार होते आणि तिच्यात खूप वेळ वाया जातो.

कानावर भरवसा नसेल तर मोबाइलवर कुठलंही स्पेक्ट्रम दाखवणारं अ‍ॅप उघडून फोन वूफरजवळ धरा. फोनचा माइक ५० हर्ट्झला कच्चा असतो, पण १००, १५०, २०० इथले सुळके दिसतात आणि निदानाला तेवढे पुरतात. आपल्या कानाचंही तसंच आहे. शांत खोलीत ५० हर्ट्झचा शुद्ध स्वर ऐकू यायला तो ४० डेसिबलच्या वर असावा लागतो. १०० हर्ट्झला साधारण २७ डेसिबल पुरतात. म्हणून त्रास देणारा हम बहुतेक वेळा ५०चा नसून त्याच्या वरच्या पटींचा असतो.

व्हॉल्यूमची चाचणी

ही चाचणी मिनिटभरात होते आणि निम्मा शोध संपवते. काहीही वाजत नसताना व्हॉल्यूम शून्यापासून नेहमीच्या पातळीपर्यंत फिरवा.

हम व्हॉल्यूमबरोबर वाढत असेल तर तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी शिरतोय: स्रोत, केबल, फोनो स्टेज (टर्नटेबलचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट). हलत नसेल तर तो नंतर शिरतोय: पॉवर अ‍ॅम्प, त्याचा पॉवर सप्लाय, किंवा स्वतःचा अ‍ॅम्प असलेला सबवूफर. इनपुट बदलून पाहा. एकाच इनपुटवर हम असेल तर गुन्हेगार जवळजवळ सापडलाच.

आता गोष्टी कमी करत जा:

१. अ‍ॅम्प बंद करून त्याच्या सगळ्या इनपुट केबल काढा. अँटेनाची वायर आणि सबवूफरची केबलसुद्धा काढा. फक्त स्पीकर राहू द्या.

२. इनपुटला शॉर्टिंग प्लग लावा. साधा आरसीए प्लग घेऊन आत मधली पिन आणि बाहेरची कडी वायरीच्या तुकड्याने जोडली की तो तयार होतो. तो फक्त इनपुटला लावायचा. आउटपुटला लागला तर यंत्र बिघडू शकतं, म्हणून प्लगांना लाल टेप गुंडाळून ठेवा.

३. अ‍ॅम्प सुरू करा. हम गेला असेल तर अ‍ॅम्प निर्दोष. राहिला असेल तर दोष अ‍ॅम्पमध्ये आहे; केबल आणि सॉकेटांना हात लावू नका.

४. आता एकेक यंत्र परत जोडा, प्रत्येक वेळी अ‍ॅम्प बंद करून. ज्या यंत्राने हम परत आणला त्यापाशी थांबा. त्या यंत्राला जाणारी प्रत्येक वायर तपासा: विजेची, सिग्नलची, नेटवर्कची, टीव्हीची.

पायरी ४ ला घाई होते. दोन यंत्रं एकदम जोडली की नेमकं काय बदललं ते कळत नाही, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

ग्राउंड लूप म्हणजे नक्की काय

व्हॉल्यूमबरोबर वाढणाऱ्या आणि दोन्ही चॅनेलमध्ये सारख्या येणाऱ्या बझमागे बहुतेक वेळा हेच कारण असतं, म्हणून इथे थोडं थांबू.

समजा, अ‍ॅम्पलाही अर्थ पिन आहे आणि सबवूफरलाही. दोघांची चॅसिस, म्हणजे धातूचे डबे, विजेच्या वायरिंगमधून एकमेकींना जोडलेली आहे. मग तुम्ही आरसीए केबल लावता. तिच्या जाळीने (मधल्या वायरीभोवतीच्या, कडीला जोडलेल्या तारांच्या विणीने) दोघांना दुसऱ्या वाटेने जोडलं आणि वर्तुळ पूर्ण झालं. प्रत्येक यंत्राच्या लाइन फिल्टरमधून अर्थकडे थोडा गळती प्रवाह सतत जात असतो. शिवाय भिंतीतल्या वायरींचं चुंबकीय क्षेत्र या वर्तुळात प्रवाह निर्माण करतं. तो आता केबलच्या जाळीतूनही वाहतो.

आरसीएमध्ये जाळी हीच सिग्नलची परतीची वायर असते, आणि सगळं दुखणं तिथे आहे. जाळीचा आणि कड्यांच्या स्पर्शाचा मिळून रोध ०.१ ओहम धरा आणि प्रवाह १ मिलिअँपिअर. दोन टोकांत ०.१ मिलिव्होल्ट तयार झाला आणि तो थेट सिग्नलमध्ये मिसळला. २ व्होल्टच्या लाइन सिग्नलपेक्षा तो ८६ डेसिबल खाली आहे, म्हणजे नगण्य वाटतो. पण पुढे २८ डेसिबल गेनचा पॉवर अ‍ॅम्प असेल तर स्पीकरवर २.५ मिलिव्होल्ट पोचतात. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (ठरावीक व्होल्टेजला स्पीकर किती मोठा वाजतो त्याचं माप) स्पीकरवर एका मीटरला २७ डेसिबल, म्हणजे १०० हर्ट्झला ऐकू येण्याच्या अगदी काठावर. हॉर्न किंवा ९५ डेसिबलच्या पुढचे स्पीकर असतील तर तोच हम स्पष्ट ऐकू येतो. आणि गंजलेल्या कडीने रोध ०.१ वरून १ ओहम झाला, तर प्रवाह तितकाच राहिल्यास हम २० डेसिबलने वाढतो. केबल हलवली की हम जातो आणि मग परत येतो, त्याचा उलगडा या आकड्यांत आहे.

उपायही यातूनच निघतात. प्रवाह कमी करा, जाळीचा रोध कमी करा, किंवा वर्तुळ तोडा.

सगळ्यात आधी सगळी यंत्रं एकाच सॉकेटातून, एकाच एक्सटेन्शन बोर्डावर घ्या. त्यामुळे अर्थच्या वाटेतला फरक काही सेंटिमीटर वायरीपुरता उरतो. स्टिरिओ सिस्टिमचा एकूण भार बहुतेक वेळा एका सॉकेटाला सहज पेलतो, तरी बोर्डावर छापलेली क्षमता पाहून घ्या. निम्म्या तक्रारी इथेच संपतात.

मग केबलींची लांबी कमी करा. दोन मीटरच्या जागी अर्धा मीटर पुरत असेल तर जाळीचा रोध एक चतुर्थांश झाला. केबल निवडताना दाट विणीची तांब्याची जाळी पाहा. पातळ फॉइल आणि एक बारीक वायर एवढंच शिल्ड असलेली केबल टाळा. वरच्या रबराच्या जाडीला काही अर्थ नाही. सिग्नलच्या आणि विजेच्या केबल एकत्र बांधू नका, निदान १५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवा आणि ओलांडायचीच वेळ आली तर काटकोनात ओलांडा. डाव्या आणि उजव्या चॅनेलच्या केबल मात्र शेजारीशेजारी चालू द्या. त्यांच्यात अंतर पडलं की त्या दोघींच्या जाळ्यांचंच एक नवं वर्तुळ तयार होतं.

एवढं करूनही उरला तर वर्तुळ तोडायचं. ते सिग्नलच्या बाजूला तोडायचं, विजेच्या बाजूला कधीही नाही. प्लगची अर्थ पिन कापणं, तिला टेप लावणं किंवा दोन पिनांचा अ‍ॅडॉप्टर वापरणं हा उपाय नाही. हम जातो हे खरं आहे, म्हणूनच तो मोह धोक्याचा. उद्या आतली फेजची वायर सुटून चॅसिसला लागली तर फ्यूज उडणार नाही. चॅसिसवर पूर्ण लाइन व्होल्टेज येईल, आणि आरसीएच्या जाळीतून ते सिस्टिममधल्या प्रत्येक धातूच्या डब्यापर्यंत, टर्नटेबलच्या आर्मपर्यंत पोचेल. हेडफोन लावून बसलेल्या माणसाच्या जिवावर बेतणारी गोष्ट आहे ही.

सिग्नलच्या बाजूला तोडण्याचे मार्ग तीन. डिजिटल जोडणी असेल तर ऑप्टिकल टॉसलिंक वापरा. त्यात तांबंच नाही, त्यामुळे लूप होऊच शकत नाही. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झपर्यंत ती साधारणपणे बिनतक्रार चालते. अ‍ॅनालॉग जोडणी असेल तर १:१ ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. तो घेणाऱ्या यंत्राच्या जवळ लावा आणि त्याच्यापुढची केबल आखूड ठेवा. लहान गाभ्याचे स्वस्त ट्रान्सफॉर्मर खालच्या बासमध्ये सॅच्युरेट होतात (गाभ्याची चुंबकीय क्षमता संपते) आणि बास फाटतो, त्यामुळे सबवूफरच्या वाटेत तसला डबा लावू नका. तिसरा मार्ग बॅलन्स्ड जोडणीचा, म्हणजे सिग्नलला दोन वायरी आणि जाळी वेगळी.

पुढच्या यंत्राला एक्सएलआर (तीन पिनांचं बॅलन्स्ड) इनपुट असेल आणि मागच्याला फक्त आरसीए आउटपुट, तरीही फायदा घेता येतो. दोन वायरी आणि जाळी असलेली मायक्रोफोन केबल घ्या. आरसीएच्या टोकाला एक वायर मधल्या पिनेला, दुसरी वायर आणि जाळी दोन्ही कडीला. एक्सएलआरच्या टोकाला पहिली वायर पिन २, दुसरी पिन ३, जाळी पिन १. आता गळती प्रवाह जाळीतून जातो, सिग्नलची परत वेगळ्या वायरीने होते आणि बॅलन्स्ड इनपुट दोघांतला फरक तेवढा घेतो. बाजारातली तयार अ‍ॅडॉप्टर पिन ३ आणि पिन १ एक्सएलआरच्याच टोकाला जोडून टाकतात आणि हा सगळा फायदा घालवतात.

दोन्ही टोकांना एक्सएलआर असूनही बझ येत असेल तर यंत्रात पिन १ चॅसिसऐवजी आतल्या सर्किट बोर्डाच्या ग्राउंडला जोडलेली असण्याची शक्यता आहे. नील मन्सी यांनी १९९५ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात हा दोष मांडला, आणि तेव्हापासून तो 'पिन वन प्रॉब्लेम' म्हणून ओळखला जातो. तिथे केबल बदलून काही होत नाही. पिन १ ची जोडणी कनेक्टरपाशीच आखूड वायरीने चॅसिसला घेणं हे तंत्रज्ञाचं काम आहे.

टीव्हीची केबल: सगळ्यात मोठा लूप

सिस्टिममध्ये टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स आला आणि जोरात बझ सुरू झाला, तर आधी भिंतीतून येणारी गोल कोअ‍ॅक्सिअल केबल उपटून पाहा. तिची जाळी घराच्या बाहेर वेगळ्या ठिकाणी अर्थ केलेली असते. त्या दोन अर्थमधला फरक तुमच्या आरसीएवरून वाहतो. उपटल्यावर बझ गेला तर निदान पक्कं.

केबल टीव्ही किंवा साध्या अँटेनासाठी ७५ ओहमचा गॅल्व्हानिक आयसोलेटर त्या केबलीत बसवा. आतले छोटे कपॅसिटर टीव्हीची वारंवारता जाऊ देतात, ५० हर्ट्झ अडवतात. डिशसाठी तो चालत नाही. डिशवरच्या एलएनबीला (सिग्नल पकडणाऱ्या भागाला) १३ किंवा १८ व्होल्ट डीसी त्याच केबलीतून जातं आणि आयसोलेटर ते अडवतो, चित्रच जातं. तिथे टीव्हीपासून डॅकपर्यंत (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग करणाऱ्या यंत्रापर्यंत) टॉसलिंक घ्या. एचडीएमआय केबलमधूनही ग्राउंड जातं, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. टीव्ही फक्त एचडीएमआयने जोडलेला असला तरी लूप होतो.

कॉम्प्युटर आणि यूएसबी डॅक

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. आवाज गेला का? मग वाट चार्जरमधून आहे. दोन पिनांच्या चार्जरमध्ये लाइनच्या बाजूकडून आउटपुटच्या बाजूकडे एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून थोडा प्रवाह सतत गळतो. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून बोट फिरवताना जी झिणझिण जाणवते ती हीच. तीन पिनांचा, अर्थ असलेला चार्जर लावला तर झिणझिण जाते, पण कधी कधी लूप तयार होतो. दोन्ही करून पाहा.

८ किलोहर्ट्झची बारीक शीळ असेल तर ती यूएसबीची: हाय-स्पीड यूएसबी सेकंदाला ८,००० मायक्रोफ्रेम पाठवते आणि त्याचा ठसा ग्राउंडवर उमटतो. यावर यूएसबी आयसोलेटर लागतो. जुने, स्वस्त आयसोलेटर १२ मेगाबिटचे असतात; त्यांच्यावर डॅक यूएसबी ऑडिओ क्लास १ मध्ये चालावा लागतो आणि मर्यादा २४ बिट, ९६ किलोहर्ट्झची. त्यापुढचं हवं असेल तर ४८० मेगाबिटचा आयसोलेटर घ्या. डॅकला टॉसलिंक इनपुट आणि कॉम्प्युटरला आउटपुट असेल तर यातलं काहीच लागत नाही.

सबवूफर

सबवूफर खोलीच्या दुसऱ्या टोकाला असतो, तिथल्याच सॉकेटात लावलेला असतो आणि सहा-सात मीटरची आरसीए केबल ओढलेली असते. लूपला याहून सोयीची मांडणी नाही. त्याची विजेची वायर अ‍ॅम्पच्याच बोर्डापर्यंत आणा. विजेची वायर लांब असलेली चालते, सिग्नलची नको.

हाय-लेव्हल इनपुट (स्पीकरला जाणारा सिग्नल थेट घेणारं) असेल तर स्पीकर टर्मिनलवरून जोडणी करून पाहा. सिग्नल व्होल्टमध्ये असल्यामुळे तेवढाच हम तुलनेने नगण्य होतो. मात्र क्लास डी किंवा ब्रिज्ड अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल बऱ्याचदा ग्राउंड नसतं. ते सबवूफरच्या ग्राउंडला लागलं तर अ‍ॅम्प जळू शकतो. आधी दोन्ही मॅन्युअल वाचा.

टर्नटेबल

इथे हम घालवायला सगळ्यात जास्त चिकाटी लागते. त्याचं कारण आकड्यांत पाहा. एमएम (हलतं चुंबक असलेलं) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला भाग, ३ ते ५ मिलिव्होल्ट देतं, एमसी (हलती कॉइल असलेलं) बऱ्याचदा ०.२ ते ०.५. फोनो स्टेज एमएमला साधारण ४० डेसिबल गेन देतो, पण तो १ किलोहर्ट्झला. रिआ (RIAA) कर्व्हमुळे, म्हणजे रेकॉर्ड कापताना कमी केलेला बास परत वाढवणाऱ्या ठरलेल्या दुरुस्तीमुळे, ५० हर्ट्झला त्यात आणखी १७ डेसिबल मिळतात. म्हणजे ५० हर्ट्झचा एक मायक्रोव्होल्ट जरी शिरला तरी बाहेर ०.७ मिलिव्होल्ट पडतात. एमसीला याच्या दहापट. हम घालवणारी सर्किट युक्ती इथे नाही. तो आत शिरू न देणं एवढंच हाती आहे.

सुई वर उचललेली, मोटर बंद, व्हॉल्यूम नेहमीचा. आता टोनआर्मच्या धातूला बोट लावा.

हम कमी झाला तर आर्म ग्राउंड झालेला नाही. टर्नटेबलच्या मागून निघणारी बारीक, टोकाला काटा असलेली वायर फोनो स्टेजच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट बसली आहे का पाहा. बसली असेल तर काट्यापासून आर्मपर्यंत मल्टिमीटरने सलगता तपासा. आर्मच्या बेअरिंगमध्ये किंवा काट्याच्या सोल्डरमध्ये ती तुटलेली सापडते. वायरच नसेल तर काही टर्नटेबलमध्ये ग्राउंड आतून एका चॅनेलच्या कडीला जोडलेलं असतं. तिथे बाहेरून आणखी एक वायर लावली तर उलट लूप होतो. अर्थ पिन असलेलं टर्नटेबल असेल तर ग्राउंडची वायर लावून आणि काढून, दोन्ही ऐका.

एकाच चॅनेलमध्ये मोठा हम असेल तर हेडशेलच्या (आर्मच्या टोकाच्या, कार्ट्रिज बसवलेल्या भागाच्या) चार वायरी पाहा. पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. यातली ऋण वायर सैल झाली की त्या चॅनेलचा सिग्नल बारीक होतो आणि हम भरतो. चिमट्याने क्लिप काढून, सुईच्या टोकाने किंचित आवळून परत बसवा. आवळताना ती कार्ट्रिजच्या पिनेवर असू नये, उष्णता किंवा जोर लागला तर आतली कॉइल तुटते. वायरींची सलगता तपासताना त्या कार्ट्रिजपासून सुट्या करा. मल्टिमीटरचा प्रवाह एमसीच्या नाजूक कॉइलमध्ये जाऊ द्यायचा नाही. काही एमएम कार्ट्रिजच्या मागे एका ऋण पिनेपासून धातूच्या अंगापर्यंत छोटी पट्टी असते. आर्म वेगळा ग्राउंड केलेला असेल तर ही पट्टी दुसरी वाट तयार करते. ती सुटी होणारी असेल तर काढून पाहा.

बोट लावून फरक पडत नसेल तर चुंबकीय क्षेत्राचा संशय घ्या. सुईला टोपी घालून, प्लॅटर थांबवून आर्म हाताने रेकॉर्डच्या कडेपासून मध्यापर्यंत न्या. हम वाढत गेला तर खाली मोटर किंवा टर्नटेबलचा ट्रान्सफॉर्मर आहे आणि कार्ट्रिजला पुरेसं शिल्ड नाही. फोनो स्टेजचा डबा हातात धरून फिरवा. दिशेबरोबर हम बदलला तर शेजारच्या अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर जबाबदार. अ‍ॅल्युमिनियमचा कागद किंवा तांब्याचा पत्रा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जवळजवळ अडवत नाही. लोखंडी पत्रा काही प्रमाणात अडवतो, म्यू-मेटल चांगलं अडवतं. पण अंतराइतकं परिणामकारक काही नाही. ट्रान्सफॉर्मरचं क्षेत्र ढोबळमानाने अंतराच्या घनाने कमी होतं. ३० सेंटिमीटरचे ६० केले की एक अष्टमांश, म्हणजे १८ डेसिबल. टर्नटेबल अ‍ॅम्पच्या डोक्यावर ठेवण्याची हौस असेल तर ती सोडावी लागेल. बाजूला ठेवा, आणि आर्मची बाजू अ‍ॅम्पपासून लांब.

संपर्क आणि अर्थिंग

हम एकाच चॅनेलमध्ये असेल तर तो ग्राउंड लूप असण्याची शक्यता कमी. स्रोताकडची डावी-उजवी केबल अदलाबदल करा. हम दुसऱ्या स्पीकरमध्ये गेला तर दोष केबलीत किंवा तिच्या मागे, जागीच राहिला तर पुढे. आरसीएची कडी सैल वाटली तर किंचित आवळा, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने कडी आणि सॉकेट पुसा, पूर्ण वाळू द्या. केबलच्या जाळीची दोन टोकांतली सलगता मोजा. साधा मीटर ०.५ ओहमपेक्षा जास्त दाखवत असेल (मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध वजा करून) तर ती केबल काढून टाका.

आता सॉकेट. अर्थ पिनच्या भोकात वायर जोडलेलीच नसेल तर लाइन फिल्टरचे दोन कपॅसिटर लाइन व्होल्टेजची वाटणी करतात आणि चॅसिसवर सुमारे निम्मं व्होल्टेज येतं. हात लावला की झिणझिण, आणि स्पीकरमध्ये बझ. सॉकेट टेस्टरने ते कळतं. सगळ्या आरसीए काढून दोन अर्थ असलेल्या यंत्रांच्या चॅसिसमध्ये एसी व्होल्टेज मोजा. काही मिलिव्होल्ट ते शंभर-दोनशे मिलिव्होल्ट ठीक. अनेक व्होल्ट दिसले तर वायरिंगमध्ये दोष आहे. ऑडिओ बाजूला ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. दोन पिनांच्या यंत्रावर मात्र डिजिटल मीटर बरंच मोठं व्होल्टेज दाखवतो. त्यामागे प्रवाह अगदी थोडा असतो, एवढ्यावरून दोष ठरवू नका.

पॉवर कंडिशनरबद्दल स्पष्टच सांगायला हवं. ग्राउंड लूपचा प्रवाह अर्थच्या आणि जाळीच्या वाटेने फिरतो. फेज-न्यूट्रल कितीही स्वच्छ केली तरी तो तसाच राहतो. उलट काही कंडिशनरमधले कपॅसिटर अर्थकडे आणखी गळती करतात. डिमरचा किंवा मोटरचा बझ लाइनवरून येत असेल तर त्याचा उपयोग होतो, आणि ते कळायला आधी डिमर बंद करून पाहणं पुरतं.

दोष अ‍ॅम्पमध्येच असेल तर

शॉर्टिंग प्लग लावूनही, व्हॉल्यूम शून्यावर असतानाही १०० हर्ट्झचा हम दोन्ही चॅनेलमध्ये येत असेल तर फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाले असावेत. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की ढोबळमानाने निम्मं होतं, म्हणून कपाटात कोंडलेला अ‍ॅम्प लवकर हम करू लागतो. मोजून पाहायचं असेल तर स्पीकर टर्मिनलवर एसी मिलिव्होल्ट मोजा. १ मिलिव्होल्टच्या आत उत्तम, ३ ते ५ म्हणजे शांत खोलीत ऐकू येईल, १० च्या पुढे दोष धरा. दोन गोष्टींचं भान ठेवा: अनेक स्वस्त मीटरांची सगळ्यात लहान एसी रेंज २०० व्होल्टची असते, त्यावर हे दिसणारच नाही, आणि क्लास डी अ‍ॅम्पच्या आउटपुटवर स्विचिंगचा उच्च वारंवारतेचा अंश असतो, तो मीटरला फसवतो.

व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये ५० हर्ट्झ असेल तर हीटरच्या वायरी आणि हम-बॅलन्सचा पॉट पाहा, १०० असेल तर पुश-पुल जोडीचे बायस. कपॅसिटर बदलणं किंवा अ‍ॅम्प उघडणं सवय नसलेल्याने करू नये. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कितीतरी वेळ शेकडो व्होल्ट साठलेले असतात.

राहिला डब्यातून येणारा यांत्रिक आवाज. गोल टोरॉइडल ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात हवेची फट नसते, त्यामुळे लाइनमध्ये थोडं जरी डीसी शिरलं तरी तो सॅच्युरेशनकडे ढकलला जातो आणि घुमतो. कमी गतीवर चालणारा हेअर ड्रायर बऱ्याचदा डायोडने अर्धी लहर कापतो आणि असं डीसी तयार करतो. ठरावीक वेळी घूं येऊन जात असेल तर त्या वेळी घरात काय चालू असतं ते टिपून ठेवा. ते उपकरण टाळता येत नसेल तर डीसी ब्लॉकर लागतो, तो बंद, इन्शुलेटेड डब्यातला तयारच घ्या.

डीसी नसतानाही घुमत असेल तर ट्रान्सफॉर्मरचा मधला बोल्ट आणि त्याखालचे रबर वॉशर तंत्रज्ञाकडून तपासून घ्या. बोल्ट ना फार सैल, ना फार घट्ट. आणि त्याचं वरचं टोक अ‍ॅम्पच्या झाकणाला टेकता कामा नये: बोल्ट, झाकण आणि तळ मिळून एक वेढा पूर्ण होतो, त्यातून प्रचंड प्रवाह वाहतो आणि ट्रान्सफॉर्मर जळतो. रबराची जास्तीची चकती घालून बोल्ट उंच झाला असेल तर झाकण लावण्याआधी मधलं अंतर मोजा.